एकच फाइल एका पडद्यावर चालते, दुसऱ्यावर अडखळते: जेलीफिन आणि उपकरणांची सुसंगतता

प्रश्न: संथवाहिनी

घरातल्या चित्रपटांचा, जुन्या कौटुंबिक चित्रफितींचा आणि संगीताचा संग्रह एका जागी ठेवून तो घरातल्या सगळ्या पडद्यांवर पाहता यावा, यासाठी मी जेलीफिन हे मुक्त मीडिया सर्व्हर सॉफ्टवेअर वापरतो. सर्व्हर म्हणून इंटेलच्या सहाव्या पिढीचा प्रोसेसर असलेला एक डेस्कटॉप आहे. त्यावर लिनक्स, आणि जेलीफिन डॉकरमध्ये (प्रोग्रॅम बाकीच्या यंत्रापासून वेगळ्या कप्प्यात चालवणारे साधन). वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही. पाहण्यासाठी दोन निरनिराळ्या कंपन्यांचे स्मार्ट टीव्ही आहेत, त्यांतला एक बराच जुना. शिवाय अँड्रॉइड टीव्हीचा एक बॉक्स, एक आयपॅड आणि लॅपटॉपवरचा फायरफॉक्स.

अडचण अशी की कोणती फाइल कुठे नीट चालेल याचा काही नेम नाही. एखादा चित्रपट अँड्रॉइड बॉक्सवर तत्काळ सुरू होतो, तोच नव्या टीव्हीवर दर काही सेकंदांनी थांबतो आणि सर्व्हरचा प्रोसेसर शंभर टक्क्यांवर जातो. दुसरा एखादा टीव्हीवर उत्तम चालतो, पण फायरफॉक्समध्ये सुरू केला की सर्व्हरचा पंखा जोरात फिरू लागतो. एका ४के फाइलचे रंग आयपॅडवर हिरवे-जांभळे दिसतात. अडखळणारी आणि न अडखळणारी फाइल शेजारीशेजारी ठेवून पाहिली, तर दोन्ही एमकेव्ही आणि दोन्ही १०८०पी. मग फरक कशाचा, हे उमगत नाही.

कोणते उपकरण काय चालवते याची भरवशाची यादी कुठे मिळते का? की संपूर्ण संग्रह एकाच स्वरूपात रूपांतरित करून घेणे हाच शहाणपणाचा मार्ग आहे? सर्व्हर बदलण्याची वेळ आली असेल तर तेही स्पष्ट सांगावे.

उत्तर: जोडणीकार

‘दोन्ही एमकेव्ही आणि दोन्ही १०८०पी’ या वाक्यापासूनच सुरुवात करतो, कारण घोळ बहुतेक वेळा तिथेच असतो. एमकेव्ही हे केवळ कंटेनर, म्हणजे चित्र, ध्वनी आणि सबटायटल एकत्र बांधणारे वेष्टन आहे. त्याच्या आत चित्राचा प्रवाह कोणत्या कोडेकमध्ये (माहिती दाबून साठवण्याच्या पद्धतीत) आहे, ध्वनी कोणत्या, सबटायटल कोणत्या प्रकारचे, याबद्दल फाइलच्या नावाचा शेवट काहीच सांगत नाही. १०८०पी हा तर निव्वळ आकार झाला. एका फाइलमध्ये ८ बिट एच.२६४ चित्र आणि एएसी ध्वनी असेल, दुसरीत १० बिट (म्हणजे रंगांच्या जास्त छटांचे) एचईव्हीसी चित्र, डीटीएस-एचडी ध्वनी आणि पीजीएस सबटायटल असतील, आणि बाहेरून दोन्ही अगदी सारख्या दिसतील.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची आहे. तुमचा टीव्ही काय चालवू शकतो, हे सर्व्हरला स्वतःहून ठाऊक नसते. तुम्ही चित्रपट सुरू करता तेव्हा टीव्हीवरचे जेलीफिनचे अ‍ॅप सर्व्हरला एक वर्णन पाठवते: मला अमुक कंटेनर चालतात, अमुक कोडेक, अमुक प्रोफाइल, अमुक बिटरेटपर्यंत (सेकंदाला जाणाऱ्या माहितीच्या प्रमाणापर्यंत). या वर्णनाला उपकरणाचे प्रोफाइल म्हणतात. सर्व्हर फाइलमधल्या मजकुराची या प्रोफाइलशी तुलना करतो आणि मगच निर्णय घेतो. म्हणजे प्रत्यक्षात तीन गोष्टी जुळाव्या लागतात: फाइल, उपकरणाचे हार्डवेअर आणि अ‍ॅपने केलेला दावा. अ‍ॅपने हातचे राखून दावा केला तर टीव्हीला सहज जमणारी फाइलही सर्व्हर विनाकारण रूपांतरित करत बसतो. अ‍ॅपने अवाजवी दावा केला तर फाइल जशीच्या तशी पाठवली जाते आणि पडदा काळा राहतो किंवा आवाज येत नाही. म्हणूनच ‘अमुक टीव्ही चालतो का’ या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणारी यादी भरवशाची ठरत नाही. जेलीफिनच्या दस्तऐवजांत कोडेकांचे तक्ते आहेत आणि ते जरूर वाचावेत, पण ते क्लायंटनिहाय, म्हणजे पाहण्याच्या अ‍ॅपनिहाय, आहेत, टीव्हीच्या मॉडेलनिहाय नाहीत.

निर्णयाचे प्रकार असे. सगळे जुळले तर फाइल जशीच्या तशी जाते, तो डायरेक्ट प्ले. सर्व्हरवर जवळजवळ काहीच भार नाही. फक्त कंटेनर जुळत नसेल तर प्रवाह तेच ठेवून वेष्टन बदलले जाते, तो रिमक्स. ध्वनी जुळत नसेल तर तेवढा ध्वनी रूपांतरित होतो आणि चित्र तसेच जाते, याला जेलीफिनमध्ये डायरेक्ट स्ट्रीम म्हणतात. हेही साध्या प्रोसेसरला झेपते. चित्रच नव्याने एन्कोड करावे लागले तर ते खरे ट्रान्सकोडिंग, आणि तुमचा प्रोसेसर शंभर टक्क्यांवर जातो तो इथे.

आता तुमच्या वर्णनाशी जुळणारी एक फाइल घेऊ आणि ती तुमच्या उपकरणांवर काय करेल ते पाहू. समजा एमकेव्ही आहे, आत १० बिट एचईव्हीसी चित्र, डीटीएस-एचडी ध्वनी, आणि पीजीएस सबटायटलच्या प्रवाहावर ‘डिफॉल्ट’ अशी खूण आहे. अँड्रॉइड बॉक्सवर चित्र थेट चालते, ध्वनी अ‍ॅप स्वतः उलगडते किंवा ध्वनियंत्रणेकडे तसाच पाठवते, पीजीएस अ‍ॅपच पडद्यावर काढते, सर्व्हर निवांत. नव्या टीव्हीला तेच एचईव्हीसी चित्र झेपते, पण बहुधा डीटीएस नको असते. सॅमसंगने २०१८ च्या मॉडेलांपासून डीटीएसची सोय काढली, एलजीने २०२० पासून काढली आणि २०२३ च्या काही मॉडेलांत परत आणली. त्यामुळे एकाच कंपनीच्या दोन टीव्हींवर एकाच फाइलचा आवाज वेगळा वागू शकतो. तरीही एवढ्याने प्रोसेसर दमत नाही, कारण ध्वनीचे रूपांतर हलके असते. खरा घोटाळा डिफॉल्ट खुणेचा आहे. पीजीएस हे अक्षरांचे नव्हे, चित्रांचे सबटायटल असते. क्लायंटला ते दाखवता आले नाही तर सर्व्हरला प्रत्येक चौकट उलगडून तिच्यावर सबटायटलचे चित्र चढवून ती पुन्हा एन्कोड करावी लागते. तुम्ही सबटायटल मागितलेलेही नसते. डिफॉल्ट खुणेमुळे ते आपोआप निवडले जाते, आणि त्या एका निवडीपायी संपूर्ण चित्राचे ट्रान्सकोडिंग सुरू होते. फायरफॉक्सच्या जुन्या आवृत्त्यांना तर मुळात एमकेव्ही कंटेनरच चालत नसे (२०२५ च्या अखेरीस त्याची सोय आली), आत एच.२६४ असेल तर रिमक्सवर भागते, एचईव्हीसी असेल तर ब्राउझरची आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम आणि ग्राफिक्स या तिन्हींवर सगळे अवलंबून राहते. क्रोममध्ये हार्डवेअरच्या मदतीने एचईव्हीसी २०२२ च्या १०७ व्या आवृत्तीपासून आले; फायरफॉक्सने विंडोजवर त्याची सुरुवात २०२५ मध्ये केली.

तेव्हा अंदाज बांधण्यापूर्वी कारण वाचा. फाइल अडखळत असताना दुसऱ्या यंत्रावरून जेलीफिनचा डॅशबोर्ड उघडा. चालू असलेल्या सत्राच्या चौकटीत माहितीचे चिन्ह असते, त्यात ट्रान्सकोडिंग का होत आहे याचे कारण स्पष्ट लिहिलेले असते: कंटेनर जुळत नाही, ध्वनीचा कोडेक जुळत नाही, सबटायटलचा प्रकार जुळत नाही, चित्राचे प्रोफाइल जुळत नाही, बिटरेट मर्यादेपेक्षा जास्त आहे, अशा स्वरूपात. प्लेअरच्या मेनूतही प्लेबॅकची माहिती दिसते. माझ्या मते सुसंगततेच्या तक्रारींपैकी बहुतांश तक्रारी एवढ्या एका ओळीने अर्ध्यावर येतात, आणि ती ओळ न वाचताच लोक सर्व्हर बदलायला निघतात याचे मला वाईट वाटते.

आयपॅडवरच्या हिरव्या-जांभळ्या रंगांबद्दल: ती फाइल बहुधा डॉल्बी व्हिजन या एचडीआर (उजेड आणि रंगांचा मोठा पल्ला दाखवणाऱ्या) पद्धतीच्या प्रोफाइल ५ ची आहे. या प्रोफाइलमध्ये साध्या एचडीआर१० चा आधारथर नसतो, त्यामुळे डॉल्बी व्हिजन न समजणारा प्लेअर रंगांचा अर्थ चुकीचा लावतो आणि नेमके हेच दोन रंग उमटतात. आयपॅडवर स्विफ्टफिन हे जेलीफिनचे अ‍ॅप वापरत असाल तर त्यात दोन प्लेअर आहेत, एक व्हीएलसीवर आधारलेला आणि एक अ‍ॅपलचा मूळ; सेटिंगमध्ये मूळ प्लेअर निवडून तीच फाइल पुन्हा पाहा. प्रोफाइल ८ च्या फायलींत सहसा एचडीआर१० चा थर असतो, म्हणून त्या इतक्या बिघडत नाहीत.

उत्तर: रात्रपाळी

वरील विवेचन योग्यच आहे, पण घरातल्या इतर माणसांना प्रोफाइल आणि कोडेक यांत रस नसतो. त्यांना बटण दाबल्यावर चित्रपट सुरू व्हायला हवा. त्यामुळे माझा सल्ला सरळ आहे: संग्रह एकदा ८ बिट एच.२६४, एएसी स्टिरिओ ध्वनी आणि एमपी४ कंटेनर या स्वरूपात आणा, सबटायटल वेगळ्या एसआरटी (साध्या मजकुराच्या) फाइलमध्ये, यूटीएफ-८ या अक्षर-एन्कोडिंगमध्ये ठेवा. एच.२६४ चे मानक २००३ सालचे आहे आणि त्यानंतर आलेल्या जवळजवळ प्रत्येक स्मार्ट पडद्याला ते हार्डवेअरमध्ये उलगडता येते. हाय प्रोफाइल आणि लेव्हल ४.१ च्या आत राहिलात तर जुना टीव्हीही कुरकुर करत नाही. हँडब्रेक या रूपांतराच्या साधनात एकदा प्रीसेट (ठरलेली सेटिंग) करून ठेवला की रांगेत फायली लावून मोकळे होता येते.

१० बिट एच.२६४ मात्र कटाक्षाने टाळावे. ॲनिमेशनच्या जुन्या फायलींमध्ये ते बरेच आढळते, आणि त्याला हार्डवेअरचा आधार जवळपास कोणत्याही टीव्हीत किंवा बॉक्समध्ये नाही. अशा फायली डॅशबोर्डवर ‘चित्राचे प्रोफाइल जुळत नाही’ या कारणाने ओळखू येतात.

उत्तर: जोडणीकार

१० बिट एच.२६४ बद्दल पूर्ण सहमत आहे. तेवढ्या फायली रूपांतरित कराव्यातच. पण संपूर्ण संग्रहाला तोच न्याय लावण्यास माझा ठाम विरोध आहे. प्रत्येक पुनर्एन्कोडिंगमध्ये चित्राचा काही अंश कायमचा जातो; ४के एचडीआर फाइल ८ बिट एच.२६४ मध्ये आणली तर एचडीआरच उरत नाही. आणि एचईव्हीसीचे एच.२६४ करताना तोच दर्जा राखायचा तर फाइल लक्षणीय मोठी होते. कौटुंबिक चित्रफितींच्या बाबतीत तर मूळ फाइलला हात लावणेच मला पटत नाही, कारण तिची दुसरी प्रत कुठेही मिळणार नाही. आजच्या जुन्या टीव्हीच्या मर्यादेला संग्रह बांधून टाकला, तर टीव्ही बदलल्यावर संग्रह मागे राहील.

त्याऐवजी दोन हलके उपाय आधी करावेत. पहिला उपाय सबटायटलच्या खुणेचा. एमकेव्हीटूलनिक्स नावाच्या मुक्त साधनात हेडर संपादित करण्याची सोय आहे. पीजीएस प्रवाहावरची डिफॉल्ट खूण तिथे काढता येते, आणि फाइल पुन्हा लिहिली जात नसल्याने मोठ्या फाइललाही क्षणभरच लागतो. किंवा जेलीफिनमध्येच वापरकर्त्याच्या सेटिंगमध्ये सबटायटल आपोआप लागू नयेत असे ठरवता येते. फायली हाताळायच्या नसतील तर हेच करावे. दुसरा उपाय ध्वनीचा. डीटीएस असलेल्या फाइलमध्ये एफएफएमपेग या मुक्त साधनाच्या साहाय्याने चित्र न बदलता एसी३ ध्वनीचा एक जादा प्रवाह घालता येतो. एसी३ मध्ये ५.१ वाहिन्या आणि ६४० किलोबिटपर्यंतचा दर मिळतो, तो जवळपास प्रत्येक टीव्हीला चालतो, आणि मूळ डीटीएस प्रवाह फाइलमध्ये शाबूत राहतो. जागा थोडी वाढते. चित्राचा एक कणही बदलत नाही.

सर्व्हरबद्दल तुम्ही विचारले आहे, तेव्हा स्पष्ट सांगतो. तुमच्या प्रोसेसरमध्ये इंटेलचे क्विक सिंक आहे, म्हणजे चित्र उलगडण्याचे आणि एन्कोड करण्याचे वेगळे सर्किट आहे. पण डॉकरमध्ये ते आपोआप वापरले जात नाही. ग्राफिक्सचे उपकरण डॉकरच्या आत उघडे करून द्यावे लागते, आत चालणाऱ्या वापरकर्त्याला रेंडर गटाची, म्हणजे ग्राफिक्स वापरण्याची, परवानगी द्यावी लागते, आणि मग जेलीफिनच्या डॅशबोर्डवर प्लेबॅक विभागात हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन निवडावे लागते. ज्या अर्थी प्रोसेसर शंभर टक्क्यांवर जातो, त्या अर्थी यांतले काहीतरी राहिले असावे. मात्र तिथे सरसकट सगळ्या चौकटींवर खुणा करू नका. सहाव्या पिढीत ८ बिट एचईव्हीसी हार्डवेअरमध्ये उलगडते, १० बिट एचईव्हीसीचा पूर्ण आधार सातव्या पिढीपासून येतो, आणि एव्ही१ हा नवा कोडेक उलगडण्याची सोय अकराव्या पिढीपासून. जे सर्किट चिपमध्ये नाही त्यावर खूण केली, तर फाइल संथ चालत नाही, ती चालतच नाही, आणि माणूस भलत्याच ठिकाणी कारण शोधत राहतो.

संथवाहिनी

आपण सांगितल्याप्रमाणे डॅशबोर्डवरची कारणे वाचली आणि चित्र बरेच स्पष्ट झाले. नव्या टीव्हीवर थांबत थांबत चालणाऱ्या चित्रपटाचे कारण खरोखरच सबटायटल हे निघाले. प्लेअरच्या मेनूतून सबटायटल बंद केल्याबरोबर प्रोसेसरचा भार उतरला आणि उरले ते केवळ ध्वनीचे रूपांतर. आयपॅडवर मूळ प्लेअर निवडल्यावर रंग पूर्ववत झाले. डॉकरला ग्राफिक्सचे उपकरण दिलेलेच नव्हते. ते दिल्यावर ८ बिटच्या फायली फायरफॉक्समध्येही शांतपणे चालतात.

आता दोन गोष्टी उरल्या आहेत. नव्या टीव्हीवर काही मोठ्या ४के फायली डायरेक्ट प्ले असूनही अधूनमधून थांबतात. सर्व्हरवर त्या वेळी काहीच भार दिसत नाही, आणि टीव्हीला मुद्दाम नेटवर्कची तार जोडलेली आहे. जुन्या टीव्हीवर तर अ‍ॅपच नीट उघडत नाही; पत्ता टाकल्यावर जोडणी होत नाही, आणि कधी झालीच तर पोस्टर सरकायलाही वेळ लागतो.

उत्तर: तारेवरचा

पहिल्या अडचणीचे मूळ बहुधा त्या तारेतच आहे. बहुसंख्य टीव्हींचे इथरनेट पोर्ट १०० मेगाबिटचे असते. ४के च्या महागड्या टीव्हीतही ते तसेच राहिले आहे. ४के ब्लू-रेवरून जशीच्या तशी घेतलेली फाइल सरासरीने यात बसते, पण गुंतागुंतीच्या दृश्यांत तिचा बिटरेट १०० मेगाबिटच्या वर उसळी घेतो आणि बफर रिकामा होतो. डायरेक्ट प्ले असूनही अडखळणे आणि सर्व्हर रिकामा असणे, ही त्याचीच लक्षणे. राउटर जवळ असेल तर तार काढून ५ गिगाहर्ट्झ वायफायवर तोच प्रसंग पुन्हा पाहा. ऐकायला विचित्र वाटते, पण टीव्हीच्या बाबतीत चांगले वायफाय तारेपेक्षा वेगवान ठरते. जिथे वायफाय पोहोचत नाही तिथे त्या ठरावीक फायलींसाठी क्लायंटमध्ये बिटरेटची मर्यादा घालता येते, पण मग १० बिट चित्राचे ट्रान्सकोडिंग तुमच्या सहाव्या पिढीवर पडेल, हे लक्षात ठेवा.

बिटरेटवरून आणखी एक. डॅशबोर्डवर इंटरनेटवरून पाहताना लागू होणारी बिटरेटची मर्यादा असते. सर्व्हरच्या पुढे रिव्हर्स प्रॉक्सी (बाहेरच्या जोडण्या घेऊन सर्व्हरकडे देणारा मध्यस्थ) असेल आणि त्याचा पत्ता जेलीफिनला कळवलेला नसेल, तर घरातल्या टीव्हीलाही सर्व्हर बाहेरचा समजू शकतो आणि ती मर्यादा लावतो. कारणाच्या जागी ‘बिटरेट मर्यादेपेक्षा जास्त’ असे दिसले तर आधी हे तपासावे.

उत्तर: खिडकीबाहेर

जुन्या टीव्हीबद्दल लिहितो, कारण त्याकडे फार कमी जण गांभीर्याने पाहतात आणि चांगले पडदे अडगळीत जातात.

वेबओएस (एलजी) आणि टायझेन (सॅमसंग) या टीव्ही-प्रणालींवरची जेलीफिनची अ‍ॅप्स ही वेब क्लायंटवर, म्हणजे ब्राउझरमधल्या जेलीफिनवर, चढवलेले आवरण आहेत. म्हणजे अ‍ॅप टीव्हीच्या अंगभूत ब्राउझर इंजिनमध्ये चालते. हे इंजिन टीव्ही विकताना ज्या आवृत्तीचे असते तिथेच सहसा गोठते. वेबओएस ३ मध्ये क्रोमियम इंजिनची ३८ वी आवृत्ती आहे, वेबओएस ४ मध्ये ५३ वी, वेबओएस ५ मध्ये ६८ वी. टायझेन ३ मध्ये ४७ वी आणि टायझेन ४ मध्ये ५६ वी. सर्व्हरवर आजचे वेब क्लायंट आणि टीव्हीत दहा वर्षांपूर्वीचे इंजिन अशी ही जोडी आहे. तिच्यासाठी जेलीफिनचे स्वयंसेवक जुन्या इंजिनांना समजेल असा कोड तयार करतात हे खरोखर मोठे काम आहे, पण पोस्टर सरकण्याचा संथपणा त्यातून जात नाही. चित्र उलगडणारे सर्किट धडधाकट असते. थकलेला असतो तो ब्राउझर.

जोडणी होत नसल्याचे कारण वेगळे असू शकते. पत्ता एचटीटीपीएसचा असेल आणि सर्व्हरचे सुरक्षा-प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या मोफत सेवेचे असेल, तर जुन्या टीव्हीला ते ओळखता येत नाही. ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्राच्या आधारावर ती उपकरणे विश्वास ठेवत होती, त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपली, आणि नवे मूळ प्रमाणपत्र त्यांच्या यादीत कधी आलेच नाही. घरातल्या घरात पाहायचे असल्याने टीव्हीत सर्व्हरचा स्थानिक आयपी पत्ता आणि ८०९६ हे पोर्ट साध्या एचटीटीपीने टाकून पाहा. बाहेरून येणाऱ्या जोडणीसाठी मात्र एचटीटीपीएसच ठेवा; एका टीव्हीसाठी ते काढू नका.

तरीही जमले नाही तर दोन पर्याय राहतात. डीएलएनए, म्हणजे घरातल्या उपकरणांनी एकमेकांकडून फायली चालवण्याची जुनी पद्धत, हा पहिला. जेलीफिनच्या १०.९ या आवृत्तीपासून डीएलएनए मुख्य सर्व्हरमधून काढून स्वतंत्र प्लगइन केले आहे, त्यामुळे ते प्लगइनच्या यादीतून वेगळे बसवावे लागते. त्यात टीव्हीचा स्वतःचा प्लेअर वापरला जातो, ब्राउझर इंजिन मध्ये येत नाही, म्हणून जुन्या पडद्यावर ते चपळ वाटते. पण त्यात लॉगिन नसते, म्हणजे घरातल्या नेटवर्कवरचा कोणीही संग्रह पाहू शकतो, आणि सबटायटलचे वर्तन प्रत्येक टीव्हीवर निराळे असते. लहान मुलांसाठी वेगळी खाती करून काही गोष्टी झाकल्या असतील तर हा मार्ग घेऊ नये.

दुसरा पर्याय मला अधिक पसंत आहे: टीव्हीचे अ‍ॅप विसरून त्याच्या एचडीएमआयला एखादा बॉक्स जोडणे. अँड्रॉइड टीव्हीचे जेलीफिन अ‍ॅप वेब क्लायंटचे आवरण नाही; ते त्या प्रणालीसाठीच लिहिलेले आहे आणि हार्डवेअर डीकोडर थेट वापरते. किंवा एखाद्या छोट्या संगणकावर कोडी हे मीडिया प्लेअर सॉफ्टवेअर बसवावे. कोडी २००२ च्या सुमारास मूळ एक्सबॉक्ससाठी सुरू झालेल्या प्रकल्पातून वाढले आणि २०१४ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले; त्याच्या पोटात स्वतःचेच डीकोडर असल्याने डीटीएस, ट्रूएचडी हे ध्वनी किंवा पीजीएस, एएसएस ही सबटायटल, यांतले काहीही त्याला अडत नाही. जेलीफिनचे अधिकृत ॲड-ऑन बसवले की संग्रह कोडीच्या यादीत दिसतो आणि कुठपर्यंत पाहिले याची नोंदही सर्व्हरवर राहते. माझ्या अनुभवात सर्व्हर बदलण्यापेक्षा क्लायंट बदलणे जवळजवळ नेहमीच जास्त फळते. लॅपटॉपसाठीही हेच तत्त्व: फायरफॉक्सऐवजी जेलीफिनचे डेस्कटॉप अ‍ॅप घ्यावे, ते एमपीव्ही प्लेअरवर उभे आहे आणि वरची जवळपास सगळी कारणे तिथे उद्भवतच नाहीत.

सर्व्हर बदलायचाच झाला, तर दूर बसून मोबाइलवर ४के १० बिट फायली पाहायच्या असतील तेव्हाच बदला. त्या कामाला आजचा इंटेल एन१०० सारखा कमी वीज खाणारा प्रोसेसरही पुरतो. १० बिट एचईव्हीसी आणि एव्ही१ दोन्ही तो हार्डवेअरमध्ये उलगडतो. रास्पबेरी पाय ५ आकर्षक दिसतो, पण त्यात चित्र एन्कोड करणारे हार्डवेअरच नाही, त्यामुळे केवळ डायरेक्ट प्ले होणाऱ्या घरातच तो ठेवावा.

संथवाहिनी

स्थानिक पत्त्याने जुना टीव्ही जोडला गेला. संथपणा आहेच, त्यामुळे अँड्रॉइड बॉक्स तिकडे हलवतो आणि नव्या टीव्हीवर अ‍ॅप वायफायवरून चालवतो. मोठ्या फायली आता थांबत नाहीत. एक शेवटची शंका. मी काही चित्रपटांना मराठी सबटायटल जोडली आहेत. बॉक्सवर ती व्यवस्थित दिसतात, पण जिथे सर्व्हर ती चित्रावर चढवून पाठवतो तिथे अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन येतात.

उत्तर: खिडकीबाहेर

चौकोन येतात याचा अर्थ सर्व्हरवर, तुमच्या बाबतीत डॉकरच्या आत, देवनागरीचा फॉन्टच नाही. बॉक्सवर अक्षरे बॉक्सच्या फॉन्टने काढली जातात, म्हणून तिथे अडचण दिसत नाही. चित्रावर चढवताना मात्र सर्व्हरचा फॉन्ट लागतो. नोटो सॅन्स देवनागरी एका फोल्डरमध्ये ठेवा, आणि तो फोल्डर डॉकरच्या आत प्रणालीच्या फॉन्टच्या जागी (/usr/local/share/fonts/custom) दिसेल अशी सोय करा. वेब क्लायंटमध्ये एएसएस सबटायटल दाखवतानाही हाच फॉन्ट उपयोगी पडतो; त्यासाठी डॅशबोर्डच्या प्लेबॅक विभागात पर्यायी फॉन्टसाठी जी जागा आहे तिथे त्याचा मार्ग देऊन तो पर्याय चालू करा. त्यानंतर चौकोन गेले पण जोडाक्षरे सुटी आणि वेलांट्या भलतीकडे दिसल्या, तर दोष अक्षरे जोडणाऱ्या भागाचा असतो. तो जुन्या टीव्हींच्या स्वतःच्या प्लेअरमध्ये हमखास आढळतो, आणि तिथे फॉन्ट बदलून काही साधत नाही. अशा एखाद्याच टीव्हीसाठी सबटायटल सर्व्हरकडूनच चढवून घेणे बरे, कारण सर्व्हरवर जोडाक्षरे नीट जुळतात. ८ बिट फायलींना तुमचे क्विक सिंक ते काम आरामात करेल.

अक्षरांऐवजी अगम्य चिन्हांची रांग दिसत असेल, तर एसआरटी फाइल यूटीएफ-८ मध्ये नाही असे समजा. मजकूर-संपादकात ती मूळ एन्कोडिंगने उघडून यूटीएफ-८ मध्ये जतन करा, आणि फाइलच्या नावात चित्रपटाच्या नावानंतर, एसआरटीच्या आधी, मराठीचा भाषासंकेत घाला. मग जेलीफिन तो प्रवाह मराठी म्हणून ओळखते आणि पसंतीची भाषा मराठी ठेवलेल्या खात्यावर तोच निवडला जातो.